एक पायरी कमी

५ मार्च, सोमवार. सकाळी ११.००

आजपासून ऑफिसात कोणी साहेब नाही. वरून फतवा निघालाय. हुद्दे बंद, सगळ्यांनी एकमेकांच्या नावापुढे नुसतं ‘जी’ लावायचं. सतरा वर्षं घासून मी क्वाक साहेब झालो होतो. आज लिफ्टमधून बाहेर पडलो तो जे-ग्यून जी. हिशोब विभागातल्या कालच्या पोरीने लांबूनच ‘जे-ग्यून जी, गुड मॉर्निंग’ केलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

टीम लीडर याङ माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याला काही फरक पडला नाही. त्याला आधीही कोणी मान देत नव्हतं.

दुसरा फतवा मात्र कामाचा. कंपनीची ज्ञान-साइट निघतेय. प्रत्येकाने आपल्याजवळचे कोडचे उपयोगी तुकडे आणि ‘अमुक कसं करावं’ अशा नोट्स तिथे टाकायच्या. ज्याचा संग्रह सगळ्यात उपयोगी ठरेल त्याच्याकडे वर्षअखेर सगळ्या विभागांसाठी या साइटची जबाबदारी. शिवाय वेगळी खोली. खिडकीवाली.

हे सांगताना याङने माझ्याकडे पाहिलं. न पाहून करतो काय. पार्सल कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये जे जे म्हणून अडकू शकतं, ते सोडवणारा तुकडा माझ्या फाइलीत आहे. एकूण २,३१४ तुकडे. बाकीच्यांकडे काय आहे? इंटरनेट.

संकल्प: रोज दहा नोट्स. सप्टेंबरात चुसॉकच्या सणापर्यंत हजार.

१२ मार्च, सोमवार

नोट्स: ०.

घाई नाही. आधी वर्गवारी. चौदा मुख्य विभाग, शहाण्णव पोटविभाग, प्रत्येक नोटेला क्रमांक. पाया न घालता भिंती बांधणारे पुष्कळ आहेत. त्यातली एक आजच टीममध्ये आली.

बे सो-दाम. वय अठ्ठावीस. एक वर्षाचं कंत्राट, काम पटलं तर डिसेंबरात कायम. खुर्ची गरम व्हायच्या आत हिने सहा नोट्स टाकल्या. क्रमांक नाही, विभाग नाही. वाचल्या. म्हणजे पहिल्या तीन-तीन ओळी वाचल्या, अनुभवी माणसाला तेवढ्या पुरतात. एकीची सुरुवात: ‘घाबरू नका, इथे सगळेच अडकतात.’

हे तांत्रिक लेखन आहे की इंजेक्शन देणारी नर्स?

२९ मार्च, गुरुवार

पहिली नोट टाकली. क्रमांक ०१-०१. विषय: नोट्सचे क्रमांक कसे वाचावेत.

याङने विचारलं, नोट्स कधी सुरू करणार. मी म्हणालो, केल्या. तो म्हणाला, नाही, कामाच्या.

या माणसाला याच्या आईने शिंक आली म्हणून जन्म दिला असावा.

१७ एप्रिल, मंगळवार. दुपारी १.४०

जेवताना एक मोठी गोष्ट लक्षात आली. (एकटाच जेवलो. टीम नूडल्स खायला गेली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी गेलो नसतो.)

गोष्ट अशी. पूर्ण नोट लिहिणं म्हणजे विहीर आपण खणायची आणि दोर दुसऱ्याच्या हातात द्यायचा. सगळं लिहून टाकलं तर मला विचारील कोण? माझ्या आईने माझ्या बायकोला किमचीची कृती पहिल्याच वर्षी सांगितली, पण कोबी मिठात किती वेळ ठेवायचा ते आठ वर्षं सांगितलं नाही. आई शेवटपर्यंत मानाने जगली.

तेव्हा धोरण: प्रत्येक नोटेत एक पायरी कमी. कोणती, ते फक्त मला ठाऊक. लोक अडतील. अडले की माझ्या टेबलाशी येतील.

आज तीन नोट्स टाकल्या.

९ मे, बुधवार

नोट्स: १९. (रोज दहा हे सरासरीने धरायचं होतं.)

माझ्या टेबलाशी आलेली माणसं: एक. त्याला प्लग पॉइंट हवा होता.

सो-दामच्या नोट्स: ५८. प्रत्येकीखाली लोकांचे उभे अंगठे. ‘कामाला आली’, ‘वाचलो’, ‘देवासारखी भेटलीस’. चार ओळींच्या कोडच्या तुकड्याला देवासारखी! मी तिच्या नोट्सखाली प्रतिक्रिया लिहायला घेतल्या आहेत. द्वेष म्हणून नाही. दर्जा म्हणून.

आजच्या प्रतिक्रिया: ‘स्वल्पविराम चुकला.’ ‘हा तुकडा मोठ्या यादीवर संथ चालेल.’ ‘हे लिहिणाऱ्याने कृपया हे क्षेत्र सोडण्याचा विचार करावा.’

१० मे, गुरुवार

तिने तिन्हींना उत्तर दिलं. ‘धन्यवाद, दुरुस्त केलं.’ ‘धन्यवाद, दुरुस्त केलं.’ आणि तिसऱ्याला ‘धन्यवाद, विचार करते.’

कोडगी आहे.

१९ मे, शनिवार

घरी. बायकोशी भांडण. यिन-सुक दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, दिवसभर लोकांशी गोड बोलून तिचं गोड संपतं आणि उरलेलं मला मिळतं. तिचं म्हणणं, मी वॉशिंग मशीनवर जी नोट चिकटवली आहे ती मी काढावी. का? तर तिच्यात नऊ पायऱ्या आहेत आणि मशीन सुरू कुठून करायचं तेवढंच नाही. म्हणाली, तिची बहीण आली होती, ती बिचारी अर्धा तास मशीनसमोर उभी.

मी म्हणालो, तिने मला फोन करायचा.

यिन-सुक म्हणाली, तिने केला होता. मी मीटिंगमध्ये आहे म्हणून कापला.

धोरण घरात लागू करू नये. नोंद केली.

२० जून, बुधवार

चुसॉकला जी लेबलांची रांग हमखास अडकते, तिच्यावर नोट टाकली. हे माझं खास राज्य. गोदामात खोक्यांवर चिकटवायची लेबलं आमच्या सर्व्हरवरून छापली जातात. मधलं एक फाटकं निघालं की मागची सगळी तुंबतात. मग ती रांग मोकळी करायची. सात पायऱ्या, कोडचे दोन तुकडे. पहिली पायरी, म्हणजे आपोआप होणारी छपाई आधी बंद करणं, ती मी धोरणानुसार गाळली. ती बंद केली नाही तर मशीन सकाळपासूनची सगळी लेबलं पुन्हा पहिल्यापासून छापत सुटतं. ज्याला हे ठाऊक नाही त्याने रांगेला हात लावूच नये, आधी मला विचारावं.

सो-दामचीही त्याच विषयावर नोट आहे, महिन्यापूर्वीची. तिच्यात हीच पायरी सगळ्यात वर, लाल अक्षरांत: ‘आधी छपाई बंद करा. हे करून मगच पुढे वाचा.’

मी खाली लिहिलं: ‘हे लिहावं लागतं याचीच लाज वाटते. हे शेंबड्या पोरालाही कळतं.’

उत्तर: ‘धन्यवाद. तरी राहू देते.’

११ जुलै, बुधवार

एक चूक झाली. तपशिलात.

माझ्या नोट्सखाली कोणी प्रश्न विचारत नाही, म्हणून लोकांना भीड वाटत असावी. कोणीतरी सुरुवात करून द्यायला हवी. माझ्याकडे प्यो नावाच्या जुन्या सहकाऱ्याचा पासवर्ड होता. त्याच्या नावाने मी प्रश्न टाकला, ‘क्वाक साहेब, ही नोट फार उच्च दर्जाची आहे, पण चौथ्या पायरीनंतर काय करावं?’ आणि माझ्या नावाने उत्तर दिलं, ‘उत्तम प्रश्न.’

अकरा वाजता सुरक्षा विभागाची मेल. साडेअकराला याङ टेबलाशी. म्हणाला, प्यो तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून जेजू बेटावर संत्री पिकवायला गेला. तो परत आलाय का?

मी म्हणालो, त्याला अजून कामाची ओढ असेल.

याङने ती मेल पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, “जे-ग्यून जी, पासवर्ड बदलून घ्या. आणि त्याला सांगा, हुद्दे बंद झालेत. साहेब म्हणायचं नाही.”

२२ ऑगस्ट, बुधवार

नोट्स: ४१. सो-दाम: १०३.

कंत्राटी लोकांचा अभिप्राय फॉर्म आला. टीममधल्या सगळ्यात ज्येष्ठाने भरायचा. म्हणजे मीच. हुद्दे बंद, पण ज्येष्ठता कागदावर उरली आहे एवढं बरं.

सो-दामबद्दल मी निःपक्षपातीपणे लिहिलं: ‘कष्टाळू. परंतु लेखन बालिश. तांत्रिक खोली नाही. लोकांना आयतं खायची सवय लावते. कायम करण्याची शिफारस करता येत नाही.’

वाचून बघितलं. थोडं कडक वाटलं. ‘परंतु’ खोडून ‘तथापि’ केलं. पाठवलं.

१८ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ८.५०

सहा दिवसांवर सण. अख्खा देश एकमेकांना पेअरच्या पेट्या आणि वाळवलेले मासे पाठवतोय, आणि ते सगळं आमच्या लेबलांवरून जातंय. टीम दोन पाळ्यांत जेवायला जाणार होती. मी म्हणालो, सगळे एकदमच जा, मी एकटाच मागे थांबतो. कोणीतरी जबाबदार माणूस हवा.

दुपारी १२.२५

लेबलांची रांग अडकली. गोदामाचा फोन. मुकादम चोन ओरडतोय. बाकी सगळे जेवायला. सो-दामने जाताना सांगितलं होतं, रांग अडकली तर तिची नोट उघडी आहे, वरची लाल ओळ बघा.

तिची नोट मी बघणार? मी माझी उघडली. क्रमांक ०७-३२.

१२.३१

सातही पायऱ्या केल्या. अचूक. रांग मोकळी. मशीन सुरू झालं. चोन म्हणाला, वा, फटाफट येताहेत.

सतरा वर्षांचा अनुभव.

१.०५

फारच फटाफट येताहेत.

१.१५

चोनचा फोन. सकाळी गेलेल्या पत्त्यांचीच लेबलं पुन्हा आलीत, आणि माणसांनी ती पुढच्या खोक्यांवर चिकटवलीसुद्धा. चार ट्रक निघून गेले. तो आणखी बरंच काही म्हणाला. ते लिहीत नाही, त्यात माझ्या वडिलांचा उल्लेख होता.

मी पहिली पायरी विसरलो का? विसरलो नाही. ती नोटेत नव्हती.

१९ सप्टेंबर, बुधवार

एक हजार नऊशे चाळीस लेबलं. म्हणजे तितक्यांना दोन-दोन भेटी आणि तितक्यांना काहीच नाही. तक्रारींचे फोन सकाळी सातपासून. देजनमधले कोणी निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्याकडे वाळवलेल्या माशांच्या दोन पेट्या पोचल्या. ते परत द्यायला तयार नाहीत. म्हणाले, आयुष्यभर विद्यार्थ्यांनी काही दिलं नाही, आता कुठे आठवण झाली.

यिन-सुकने फोन करून विचारलं, आपण तिच्या वडिलांना पाठवलेल्या पेअरचं काय झालं. ट्रॅकिंगवर पाहिलं. ग्वाङ्जूतल्या एका केस कापायच्या दुकानात पोचल्या आहेत. सही केली आहे. आवडल्या असाव्यात.

उद्या दहाला चौकशीची मीटिंग. माझी बाजू भक्कम आहे. लोकांना आयत्या नोट्सची सवय लागली की ज्येष्ठांचीही सावधगिरी मंदावते. मूळ दोष संस्कृतीचा.

२० सप्टेंबर, गुरुवार. सायंकाळी ६.३०

मीटिंग झाली.

याङने माझी नोट पडद्यावर लावली. विचारलं, छपाई बंद करायची पायरी यात का नाही? मी म्हणालो, ती शेंबड्या पोरालाही कळते. तो म्हणाला, मग परवा का केली नाही? मी म्हणालो, मुद्दा तो नाही. तो म्हणाला, मग कोणता आहे?

मी मुद्दा मांडला. उभा राहून मांडला. म्हणालो, या साइटवर गेले सहा महिने बालिश नोट्सचा पूर आलाय. घाबरू नका, काळजी करू नका, इथे सगळेच अडकतात. असं लाडावून ठेवल्यावर शिस्त राहते कुठे? पूर्वी आम्ही असं लिहीत नव्हतो.

तेव्हा सो-दाम बोलली. बसूनच. आवाजही चढवला नाही.

“लिहीत होतात. माझ्या एकशे बारा नोट्सपैकी सत्तर तुमच्याच आहेत.”

तिने पडद्यावर तिची एक नोट लावली आणि सरकवत पार खाली नेली. मी इतक्या खाली कधी गेलो नव्हतो. तळाशी बारीक अक्षरांत: ‘मूळ मजकूर: क्वाक जे-ग्यून, गोदामाला पाठवलेली मेल, २००४.’ दुसरी लावली. क्वाक, २००३. तिसरी. क्वाक, २००५. रांगेची ती लाल ओळसुद्धा. क्वाक, २००४. जुन्या सर्व्हरवर माझ्या मेल पडून होत्या, तिने त्या वेचून, आजच्या कोडशी जुळवून साइटवर घातल्या होत्या. ‘घाबरू नका, इथे सगळेच अडकतात’, माझं. मी एकतीस वर्षांचा असताना.

आणि प्रत्येकीखाली माझ्याच प्रतिक्रिया. याङने त्यातली एक मोठ्याने वाचली. सावकाश. ‘हे लिहिणाऱ्याने कृपया हे क्षेत्र सोडण्याचा विचार करावा.’

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

शांतपणे विचार केला. मीटिंगमधून एकच गोष्ट सिद्ध होते: साइटवरच्या सर्वोत्तम नोट्स माझ्या आहेत. माझ्या ४१ आणि त्या ७०, एकूण १११. सो-दामच्या उरल्या ४२. म्हणजे मी पहिला.

हे याङला मेल करून कळवलं. त्याने उत्तरात फक्त माफीनाम्याचा कोरा फॉर्म पाठवला.

माझ्या प्रतिक्रिया पुसायला गेलो. साइटवर प्रतिक्रिया पुसता येत नाहीत. एकूण चौसष्ट आहेत.

१ ऑक्टोबर, सोमवार

सण झाला. सासुरवाडीला गेलो होतो. सासऱ्यांनी जेवताना तीनदा विचारलं, यंदा पेअर नाहीत का. यिन-सुक माझ्याकडे न बघता म्हणाली, “अप्पा, यंदा त्यांनी पायरी गाळली.”

माफीनामा दिला. दीड पान. याङने परत केला. म्हणाला, भाषा सुंदर आहे, पण यात काय घडलं तेवढंच नाही.

पुन्हा लिहिला. नंतर आणखी एकदा. चौथ्यांदा त्याने शेजारी बसून सांगितलं आणि मी लिहिलं: मी मुद्दाम एक पायरी वगळली, लोकांनी मला विचारावं म्हणून. लिहिताना वाटलं होतं तितकं लांब वाक्य नाही ते.

१५ ऑक्टोबर, सोमवार

अभिप्राय फॉर्मचं मनात आलं. तो थोडा दुरुस्त करावा. पूर्ण नाही. ‘लेखन बालिश’ हे आता मलाच लागू होतं, तेवढं तरी काढायला हवं.

उद्या मनुष्यबळ विभागात जातो.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

वर्गवारीचं काम निघालं. उद्या.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

गेलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, फॉर्म बंद होऊन महिना झाला. मी म्हणालो, एक शब्द बदलायचाय. तो म्हणाला, एक शब्द बदलून निकाल बदलत नाही. मी म्हणालो, दोन शब्द. त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

उद्धट माणूस. तक्रार करणार आहे.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

यादी लागली. सो-दामचं कंत्राट कायम होणार नाही. याङने तिच्या बाजूने लिहिलं होतं म्हणे, पण वरच्यांनी ज्येष्ठाचा शेरा धरला. सतरा वर्षांत माझा शेरा वरच्यांनी पहिल्यांदाच धरला.

टीम आज माझ्याशी कामापुरतंही बोलत नाही. कॉफीच्या मशीनशी मी गेलो की गर्दी ओसरते. सोय आहे एका अर्थी. रांग लागत नाही.

२८ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी ४.१५

तिचा शेवटचा दिवस. टीमने केक आणला. मला प्लास्टिकच्या बशीत एक तुकडा मिळाला, क्रीम नसलेला. चारला ती टेबल आवरत होती. मी तिथून जात होतो, सहजच. (दोनदा.) तिसऱ्यांदा तिनेच थांबवलं.

तिने अभिप्रायाबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर माझं उत्तर तयार होतं.

म्हणाली, ती कॉलेजात असताना सुट्टीत आमच्याच गोदामात लेबलं चिकटवायला होती. मशीनच्या वर भिंतीवर माझी एक मेल छापून लावलेली होती, पिवळी पडलेली, कडांना चिकटपट्टी. मशीन अडलं की पोरं तो कागद वाचायची आणि मशीन सुटायचं. कोणाला शिव्या बसायच्या नाहीत. तळाशी लिहिलं होतं: तरीही अडलं तर मला फोन करा, मी रागावणार नाही. असं लिहिणारी माणसं असतात, तर आपण याच कामात जावं असं तिला तेव्हा वाटलं. दुसरीकडे कायमची नोकरी मिळत होती, ती सोडून ती इथे वर्षाच्या कंत्राटावर आली.

मी म्हणालो, तो कागद बराच जुना आहे.

ती म्हणाली, “पहिले दोन महिने मला वाटायचं, तो क्वाक वेगळा असेल. रिटायर झाला असेल. मग मेलचा आयडी जुळवून पाहिला.”

मग ती उभी राहून माझ्या उत्तराची वाट बघत होती. रागाने नाही. नोट वाचणारा माणूस पुढच्या ओळीची वाट बघतो तशी. मला सांगायचं होतं की मी फॉर्म बदलायला गेलो होतो. मग सांगावं लागलं असतं की दहा दिवस उशिरा गेलो. मग हेही की दहा दिवस आधी गेलो असतो तरी तो बंदच झालेला होता. ही नुसतीच गुंतागुंत.

मी म्हणालो, “ओळखपत्र जमा करायला विसरू नकोस.”

ती म्हणाली, केलंय.

सायंकाळी ५.३०

मुलगी भावनाप्रधान आहे. या क्षेत्रात अवघड जाईल तिला.

केक खाल्ला नाही.

८ जानेवारी, मंगळवार

ज्ञान-साइटची जबाबदारी मला मिळाली. याङ म्हणाला, दुसरं कोणी घ्यायला तयार नाही, आणि नोट्स तशाही बहुतेक तुमच्याच आहेत. खोलीला खिडकी आहे. ती जिन्यात उघडते.

यिन-सुकला फोनवर सांगितलं. म्हणाली, अभिनंदन. आवाजात काही नव्हतं. मग तिने विचारलं, त्या मुलीला दुसरीकडे मिळालं का काम? मी म्हणालो, मला काय माहीत. ती म्हणाली, विचारून बघायचंत. मी म्हणालो, मीटिंग आहे.

मीटिंग नव्हती.

१५ जानेवारी, मंगळवार

नव्या वर्षात नवीन नोट्स: ०. टाकायला बसतो. पहिलं वाक्य लिहितो, वाचतो, आणि खाली कोणीतरी काय प्रतिक्रिया लिहील ते मला आधीच ऐकू येतं. आवाज माझाच असतो. पुसतो.

२१ जानेवारी, सोमवार

आज एक टाकली. कोड नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरमध्ये रोज कागद अडकतो, लोक त्याला लाथा घालतात. मी दुपारी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलो, मागचं झाकण उघडलं, कुठला रूळ फिरवायचा ते शोधलं आणि जसं जमलं तसं लिहून काढलं. पाच पायऱ्या. पाचही घातल्या. दोनदा मोजल्या.

क्रमांक दिला नाही. कोणत्या विभागात घालावी ते कळेना.

२४ जानेवारी, गुरुवार

सव्वीस अंगठे! हिशोब विभागातल्या त्या पोरीने खाली लिहिलं, ‘वाचले.’ आज सकाळी एक माणूस खरंच खोलीशी आला आणि म्हणाला, तुम्हीच ते का, प्रिंटरवाले? मी म्हणालो, हो, या, बसा. तो बसला नाही, पण थँक्यू म्हणाला.

लोक हळूहळू माझ्या पातळीवर येत आहेत. उद्यापासून याच धर्तीची मालिका. चौथ्या मजल्याचा प्रिंटर, मग प्रोजेक्टर, मग पंच-मशीन. जूनपर्यंत अख्खी इमारत.

२८ जानेवारी, सोमवार

तिसऱ्या मजल्यावर नवा प्रिंटर आला. त्यात कागद अडकत नाही.